जुन्या बेसबॉल कार्डांतले छुपे दोष

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉलपटूंची रंगीत कार्डे घालत असे. संग्राहक या संचाला ‘टी२०६’ म्हणतात. ही कार्डे जेमतेम दीड इंच रुंद. मुलांनी ती खिशात कोंबली, वह्यांत चिकटवली, भिंतीला टाचली. १९५२ साली टॉप्स कंपनीची मोठी कार्डे च्युइंगगमसोबत आली, तेव्हा गठ्ठ्यांना रबरबँड लागले आणि कडांवर खाचा उमटल्या. ही झीज उघड होती आणि प्रामाणिकही.

कार्डांना पैसा मिळू लागला तशी ही झीज लपवण्याची कारागिरी वाढली. झिजलेले कोपरे टोकदार दिसावेत म्हणून कडा छाटल्या जाऊ लागल्या. उडालेला रंग भरला जाई, घड्या दाबून सपाट केल्या जात, मागचा डिंक धुऊन काढला जाई. समोरून पाहणाऱ्या गिऱ्हाईकाला यातले काहीच कळत नसे. कार्ड घरी आणून दिव्याखाली तिरके धरल्यावर दबलेली सुरकुती सावलीसारखी उमटते. भिंगाखाली जुनी कड किंचित तंतुमय आणि मळकट दिसते, ताजी छाटलेली मात्र पांढरी व सरळ. त्याच संचातल्या खात्रीच्या कार्डावर ठेवून पाहिले की कमी भरलेली रुंदी उघडी पडते. अतिनील प्रकाशात नंतर भरलेला रंग वेगळा दिसतो. १९१० च्या कार्डाचा कागद निळसर उजळला, तर तो त्या काळचा नव्हे.

या साऱ्याची सर्वांत मोठी कसोटी बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या एका टी२०६ कार्डावर लागली. कार्डांचा व्यापारी विल्यम मॅस्ट्रो याने ते १९८५ साली २५ हजार डॉलरना घेतले. १९९१ मध्ये सदबीजच्या लिलावात आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या संघाचा मालक ब्रूस मॅकनॉल यांनी त्यासाठी ४ लाख ५१ हजार डॉलर मोजले. त्याच वर्षी सुरू झालेल्या पीएसए या प्रतवारी संस्थेने दर्जा ठरवलेले हे पहिलेच कार्ड. दहापैकी आठ गुण देऊन ते प्लास्टिकच्या डबीत बंद झाले. डबीतल्या कार्डाची कड बोटाने चाचपता येत नाही, त्यामुळे पुढचे खरेदीदार आकड्यावरच विसंबले. कडा संशयास्पद सरळ असल्याची कुजबुज मात्र थांबली नव्हती. २००७ साली ते २८ लाख डॉलरना विकले गेले.

पुढे लिलावांतल्या फसवणुकीच्या खटल्यात, २०१३ साली, मॅस्ट्रोने गुन्हा कबूल करताना या कार्डाच्या बाजूच्या कडा आपणच छाटल्याचे सांगितले. २०१५ मध्ये त्याला वीस महिन्यांची कैद झाली.