न्हाणीघराची भिंत ओली का होते?

नाशिकमध्ये हिवाळ्यात पारा अनेकदा १० अंश सेल्सिअसखाली उतरतो. गरम पाण्याची वाफ तेव्हा न्हाणीघराच्या थंड भिंतीवर दवासारखी साचते. रंगाचे पोपडे निघतात, बुरशी धरते. मात्र प्रत्येक ओल वाफेची नसते. भिंतीचा शिंतोडे न उडणारा भाग कोरडा करून त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवावा. स्नान नेहमीप्रमाणे करावे. २४ तासांनी थेंब प्लॅस्टिकच्या बाहेरील बाजूस दिसल्यास ओल वाफेची, भिंतीकडील बाजूस दिसल्यास गळतीची समजावी. वाफेसाठी स्नानानंतर १५-२० मिनिटे एक्झॉस्ट पंखा चालवावा, खिडकी उघडी ठेवावी आणि भिंत पुसून घ्यावी. गळती असल्यास आधी नळजोड व फरशीचे सांधे दुरुस्त करावेत. भिंत पूर्ण सुकण्यापूर्वी दिलेला रंग टिकत नाही व खर्च पाण्यात जातो.