नकाशातील एकाच जमिनीवर दोन दावे

लोकसहभागातून घडणाऱ्या नकाशात एकाच जागी जंगल आणि शेत अशा दोन्ही नोंदी आढळल्या, तर खरी कोणती मानायची? ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या मुक्त जागतिक नकाशाच्या स्वयंसेवकांपुढे हा प्रश्न वारंवार उभा राहतो. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या या नकाशात नोंदणी करून कोणालाही भर घालता येते. जंगल, शेत, तळे, वस्ती ही क्षेत्रे त्यात बहुभुजांच्या रूपात रेखली जातात व प्रत्येकाला जमिनीचा प्रकार सांगणारी खूण जोडली जाते.

दोष कसा शिरतो?

एकच क्षेत्र दोघांनी स्वतंत्रपणे रेखले, की आकृत्या एकमेकींवर चढतात. बाहेरची तयार माहिती एकगठ्ठा आणल्यासही तसे घडते. फ्रान्समध्ये ‘कोरिन’ या युरोपीय भूआच्छादन नकाशाची २००६ सालची माहिती अशीच घेण्यात आली. कोरिनमध्ये २५ हेक्टरपेक्षा लहान क्षेत्र स्वतंत्र दाखवले जात नाही. त्यामुळे लहान तळे वा द्राक्षमळा शेजारच्या मोठ्या क्षेत्रात विरून जातो. पुढे कोणी तोच मळा बारकाईने रेखला, की एका जमिनीवर दोन दावे उभे राहतात. अशा माहितीवरून वनक्षेत्र मोजले, तर काही जमीन दोनदा मोजली जाते. पुराच्या पाण्याचा अंदाजही चुकू शकतो.

शोध कसा घेतात?

प्रत्येक आकृतीची प्रत्येकीशी तुलना करणे संगणकालाही जड जाते. म्हणून प्रथम आकृतीभोवतीचे काल्पनिक आयत ताडून पाहिले जातात. ज्यांचे आयत एकमेकांना भिडतात, त्याच जोड्यांचा सामाईक भाग काढला जातो. त्याचे क्षेत्रफळ मोजताना प्रक्षेपणाचे भान ठेवावे लागते. महाजालावरील नकाशांत रूढ असलेल्या मर्केटर प्रक्षेपणात पॅरिसच्या अक्षांशावर क्षेत्रफळ प्रत्यक्षापेक्षा सव्वादोन पटींहून अधिक भरते. सामाईक भाग चिंचोळ्या पट्टीसारखा असेल, तर सीमा रेखताना हात हलला असावा. तो जवळजवळ संपूर्ण आकृतीएवढा असेल, तर नोंद दुबार झाली असावी.

प्रत्येक आच्छादन मात्र चूक नसते. लष्करी हद्दीत जंगल असू शकते, उद्यानात झाडी असतेच. पण जंगलातले तळे जंगलाच्या आकृतीतून वगळलेले नसेल, तर तेथे पाणी आणि झाडे दोन्ही मोजली जातात. यासाठी खुणांच्या परस्परविरोधी जोड्यांची यादी आधीच ठरवावी लागते.

‘जोसम’ या संपादन प्रणालीतील तपासनीस आणि फ्रान्समधील ‘ऑस्मोज’ ही सेवा अशा संशयास्पद जागा दाखवून देतात. दुरुस्ती मात्र यंत्रावर सोपवणे धोक्याचे आहे. कोणती आकृती जुनी वा कोणती मोठी, एवढ्यावरून खरे-खोटे ठरत नाही. उपग्रहचित्र पाहून, शक्य तर जागेवर जाऊन निवाडा करावा लागतो, आणि तो माणसानेच करायचा असतो.