डेम्लो संख्या १२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नऊपर्यंत चढत जाऊन पुन्हा एकापर्यंत उतरणारी सतरा अंकी संख्या. डावीकडून किंवा उजवीकडून वाचली तरी ती तीच राहते. १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा हा वर्ग आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील अठरा स्थानांच्या यादीप्रमाणे तिचा पहिला एक ‘मध्य’ या स्थानी येतो. त्याच्या वर फक्त परार्ध उरते.

हा चढउतार कुठून येतो, ते गुणाकार पाटीवर मांडला की डोळ्यांना दिसते. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या रकान्यात एकच एक पडतो, पुढच्यात दोन, मग तीन. मधल्या रकान्यात नऊ, आणि तिथून उतरण. एकाही रकान्याची बेरीज नऊच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही. सगळे सौंदर्य या न आलेल्या हातच्यात आहे. दहा एकांचा वर्ग केला की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा डावीकडे सरकतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. षोडशमान पद्धतीत मात्र हीच रचना पंधरा एकांपर्यंत टिकते.

अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊचा वर्ग. त्यामुळे संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने गुणले की ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो. १११११११११ चे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७. वर्गात प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो आणि एकूण विभाजक ४५ होतात. विभाजकांची संख्या विषम असणे हे पूर्ण वर्गाचेच लक्षण. ३७ आणि ३३३६६७ यांचा गुणाकार १२३४५६७९, म्हणजे आठ गाळलेली ती प्रसिद्ध संख्या. तिला नऊने गुणले की नऊ एक उभे राहतात.

अशा संख्यांना नाव दिले ते देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी. डेम्लो हे मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरचे, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरचे स्थानक, तिथे ही कल्पना त्यांना सुचली. ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये १९३८ साली त्यांनी ‘अद्भुत’ डेम्लो संख्यांवर टिपण लिहिले. त्यांची व्याख्या अधिक व्यापक आहे: मध्ये एकच अंक, एकदा किंवा अनेकदा, आणि डाव्या-उजव्या भागांच्या बेरजेतही तोच अंक. १६५ मध्ये १ + ५ = ६; २५५३ मध्ये २ + ३ = ५. प्रस्तुत संख्येत १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मध्ये नऊच.

याच घराण्यातील १२३४५६५४३२१ ही सहा एकांचा वर्ग असलेली संख्या नवव्या शतकातच महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त आली आहे. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी, अशी तिची ओळख तिथे शब्दांत करून दिली आहे.