थाई की लाओ? पपईच्या कोशिंबिरीतून वाहणारी एक नदी

गेल्या वर्षी कॅलिफोर्नियात मावसबहिणीकडे गेले होते, तेव्हा तिने एका अगदी साध्या उपाहारगृहात जेवायला नेले. पाटीवर 'थाई आणि लाओ' असे लिहिलेले, टेबलांवर प्लास्टिकची आच्छादने, भिंतीवर हत्तींचे चित्र. आम्ही कच्च्या पपईची कोशिंबीर मागवली. वाढणाऱ्या बाईंनी वहीतून मान वर न करता विचारले, "थाई की लाओ?" इतका नेमका प्रश्न इतिहासाच्या परीक्षेतही क्वचितच येतो. आजचा थ्रेड या प्रश्नाच्या उत्तराविषयी आहे. मोठा आहे, सवडीने वाचा.

आधी ताटातला भेद पाहू. दोन्हीकडे पपईचा कीस मिरची, लसूण आणि लिंबासह उखळात हलकेच कुटतात. थाई नाव 'सोम तम', म्हणजे आंबट आणि कुटलेले; लाओ नाव 'तम माक हुंग', म्हणजे कुटलेली पपई. थाई पद्धतीत भाजके शेंगदाणे, सुकट आणि ताडगूळ पडतो, चव गोडसर. लाओ पद्धतीत पडते 'पादेक': नदीतली मासळी मीठ आणि तांदळाचा कोंडा लावून महिनोन्‌महिने मुरवलेली, दिसायला गढूळ, वासाला उग्र. ज्यांच्या घरी बोंबील भाजताना शेजारी खिडक्या लावून घेतात, त्यांना या वासामागचे सामाजिक राजकारण वेगळे समजावून सांगायला नको.

गंमत अशी की यातली पपई आणि मिरची दोन्ही परक्या, अमेरिका खंडातून आलेल्या. १५११ मध्ये अल्बुकर्कने मलाक्का घेतले आणि त्याच वर्षी दुआर्ते फर्नांदिस हा त्याचा दूत सयामच्या अयुथ्या दरबारी पोहोचला. गोवा पोर्तुगीजांकडे गेला तो आदल्याच वर्षी. ज्या जहाजी व्यवहाराने आपल्याकडे पपई आणली, त्याच व्यवहाराने ती मेकाँगच्या खोऱ्यापर्यंत नेली. त्यामुळे 'हजारो वर्षांची परंपरा' असे कुणी सांगू लागले तर थोडे थांबावे.

परंतु खरा प्रश्न पपईचा नाही, नदीचा आहे.

१३५३ मध्ये फा न्गुम या राजाने 'लान सांग' हे राज्य उभारले. नावाचा अर्थ 'दहा लाख हत्ती'. मेकाँग ही या राज्याची सीमा नव्हती, तो त्याचा मधला रस्ता होता. दोन्ही तीरांवर लाओ बोलणारीच माणसे राहत. अठराव्या शतकाच्या आरंभी राज्याची शकले झाली. १७७९ मध्ये सयामी फौजांनी व्हिएन्टिआन घेतले आणि तिथली पाचूच्या बुद्धाची मूर्ती नेली. ती आज बँकॉकमध्ये आहे. पुढे राजा अनुवोंग याने १८२६ मध्ये उठाव केला. तो फसला, व्हिएन्टिआन जाळून उद्ध्वस्त करण्यात आले आणि हजारो कुटुंबांना नदीच्या उजव्या तीरावर हुसकावून नेण्यात आले. अनुवोंग बँकॉकमध्ये कैदेत मेला. त्याने बांधलेले सिसाकेत मंदिर तेवढे या जाळपोळीतून वाचले.

१८९३ मध्ये फ्रेंच युद्धनौका बँकॉकच्या दारात आल्या आणि सयामला डावा तीर सोडावा लागला. एका भाषेच्या, एका जेवणाच्या लोकांमधून वाहणारी नदी त्या वर्षी दोन सत्तांची हद्द ठरली. परिणाम आजही मोजता येतो: लाओस देशाची लोकसंख्या ऐंशी लाखांच्या आत आहे, तर थायलंडच्या ईशान्येकडील 'ईसान' या मूळच्या लाओभाषक प्रदेशात दोन कोटींहून अधिक माणसे राहतात.

ही माणसे 'थाई' कशी झाली? १८६५ मध्ये राजा मोंगकुटने लाओ गाण्याबजावण्यावर फर्मान काढले होते, कारण बँकॉकचे लोक आपले संगीत सोडून लाओंच्या बांबूच्या 'खेन' वाद्याच्या नादी लागले होते. १९३९ मध्ये फिबुनसोंगख्रामच्या सरकारने सयामचे 'थायलंड' केले आणि प्रदेशवाचक ओळखी सोडून सर्वांनी 'थाई' म्हणवून घ्यावे, असा आदेश काढला. याच काळात शेवयांचा सरकारी प्रचार झाला आणि 'पाद थाई' हा पदार्थ राष्ट्रीय म्हणून रूढ झाला. राष्ट्रवाद भाषणांतून पसरतो असे आपण शिकतो; तो कढईतूनही पसरतो. पण उलट प्रवाहही होता. ईसानमधले मजूर रोजगारासाठी बँकॉकला गेले आणि आपले उखळ, चिकट भात व 'लाब' हा खिम्याचा पदार्थ सोबत घेऊन गेले. राजधानीने ज्यांना गावंढळ म्हटले, त्यांचीच कोशिंबीर थोडी गोड करून जगभर 'थाई' म्हणून मिरवली.

१९७५ मध्ये लाओसमध्ये साम्यवादी राजवट आली. त्याआधी नऊ वर्षे अमेरिकेने त्या छोट्या देशावर २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले होते. लाखो माणसे मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आणि तिथून अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलियात पोहोचली. पोटासाठी अनेकांनी उपाहारगृहे काढली आणि पाटीवर लिहिले 'थाई', कारण लाओस कुठे आहे हेच गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हते. सेंग लुआंगराथ यांची कथा प्रसिद्ध आहे. त्या स्वतः अशाच छावणीतून अमेरिकेत आल्या. व्हर्जिनियातील आपल्या थाई उपाहारगृहात त्या लाओ पदार्थांची वेगळी यादी जाणकारांपुरती ठेवत. २०१४ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये उघडपणे लाओ उपाहारगृह काढले. नाव 'थिप खाओ', म्हणजे चिकट भाताची विणलेली टोपली.

एक वही या सगळ्यातून वाचली, तिच्याविषयी सांगायलाच हवे. लुआंग प्रबांगच्या राजवाड्यातील आचारी फिआ सिंग १९६७ मध्ये वारले. त्यांच्या हस्तलिखित पाककृती युवराजांनी ब्रिटिश राजदूत अ‍ॅलन डेव्हिडसन यांच्या हाती दिल्या. १९७५ नंतर राजघराणे बंदी छावणीत संपले. पाककृती मात्र १९८१ मध्ये इंग्लंडमध्ये छापल्या गेल्या. दरबाराचे कागद शोधत अभिलेखागारात बसणाऱ्यांनी आचाऱ्याच्या वहीलाही साधन मानावे, हे माझे प्रामाणिक मत आहे.

तर, आम्ही "लाओ" म्हणालो. बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. भाताची टोपली आणून ठेवली आणि चमचे परत नेले. चिकट भात बोटांनी गोळा करून खातात, ते आम्हाला कोण शिकवणार! त्यांच्या आईचे गाव सवन्नाखेत. नदीपलीकडे थायलंडचे मुकदाहान गावातून नुसत्या डोळ्यांनी दिसते, आणि आजीची सख्खी बहीण त्या तीरावर दिलेली होती.