अर्धा पेला पाणी आणि सोळा रस्ते

लग्नाला दीड वर्ष झालं तरी मी लातूर पाहिलं नव्हतं. सासरी जायचे ते घर, पाहुणे आणि जेवणं एवढ्यासाठीच. या वेळी दोन दिवस मोकळे मिळाले, तेव्हा नवऱ्याला म्हटलं, "अरे, या खेपेला कोणाकडेही जेवायला जायचं नाही. तुझं गाव दाखव."

तो म्हणाला, "भूकंप, दुष्काळ, ट्यूशन. झालं दाखवून."

मी नांदेडची. आमच्याकडे गावाची ओळख सांगताना अडखळावं लागत नाही. गोदावरी आहे, काठावर किल्ला आहे, १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला ती जागा आहे. तिथला हुजूर साहिब गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी बांधवून घेतला. नदी, तीर्थ आणि इतिहास असं सगळं आयतं हाताशी. लातूरकडे काय आहे, असा माझा एक छुपा तोरा होताच.

तो पहिल्याच सकाळी उतरला. पेल्यात उरलेलं अर्धं पाणी मी सिंकमध्ये ओतायला गेले. सासूबाईंनी काही न बोलता पेला हातातून घेतला आणि पाणी तुळशीला घातलं. मी ओशाळले. "असू दे गं," आई म्हणाल्या, "आम्हाला सवय लागलीय."

ही सवय कुठून आली, ते मला त्या दिवशी गावात फिरताना कळत गेलं.

नवरा मला आधी गंजगोलाईत घेऊन गेला. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती गोल दुमजली इमारत आणि तिथून चहूबाजूंना फुटणारे सोळा रस्ते. कुठे सराफा, कुठे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. लहानपणी तो इथे हरवला होता म्हणे, कारण सगळे रस्ते सारखेच दिसतात. आता तोच मला वाट दाखवत होता आणि दोनदा चुकला.

ही गोलाई आपोआप वाढलेली नाही. हैदराबाद संस्थानाचे नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला आणि १९१७ मध्ये ती उभी राहिली. गंज हा फारसी शब्द, मूळ अर्थ खजिना. पुढे आपल्याकडे त्याचा अर्थ धान्याची पेठ असा झाला. म्हणजे निजामाच्या राज्यातल्या या कोपऱ्यात कोणीतरी कागदावर कंपास टेकवून बाजार आखला होता. एवढा मोठा बाजार इथेच का? इथे तर नदीही नाही. मांजरा आहे ती गावापासून लांब.

उत्तर गोलाईत नाही, रेल्वेत आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे काढली. अडीच फूट रुंदीचे रूळ, छोटी इंजिनं. १८९७ मध्ये ती आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावली. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, लातूर निजामाच्या. १९११ मध्ये ही गाडी हद्द ओलांडून लातूरला आली आणि सहा वर्षांनी गोलाई उभी राहिली. पुढे १९२७ मध्ये हीच लाइन दुसऱ्या टोकाला पंढरपूरवरून मिरजेला पोचली. ही पंढरीच्या वारकऱ्यांची गाडी होती, तशीच आडत्यांचीही.

मला हे ऐकून गंमत वाटली. नांदेड नदीकाठी वसलं. लातूर मोठं झालं ते रुळांच्या टोकाला. इथला माल बाहेर जायचा, बाहेरचा इथे यायचा. आजही तूर आणि सोयाबीनचा भाव म्हटलं की लातूरच्या मोंढ्याचं नाव निघतंच.

मग या गावाची ओळख भूकंपावर का अडली? ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली आणि दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गेली. किल्लारी लातूर शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब, औसा तालुक्यात. पण जगाने नाव लातूरचं घेतलं. "पुण्यात कॉलेजला होतो तेव्हा प्रत्येक जण विचारायचा, तुमचं घर पडलं होतं का?" नवरा म्हणाला. "मला राग यायचा. मग रागाचीच लाज वाटायची. तिथे माणसं गेली होती ना."

यावर मला काही बोलता आलं नाही.

संध्याकाळी आम्ही स्टेशनवर गेलो. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची गाडी इथे आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली आणि शंभरावर फेऱ्या झाल्या.

मिरज ते लातूर! कॅलथ्रॉपच्या कंपनीचीच वाट. रूळ आता ब्रॉडगेज, मार्ग धाराशिवकडून थोडा वळवलेला, पण टोकं तीच. ज्या वाटेने इथलं धान्य शंभर वर्षं बाहेर गेलं, त्याच वाटेने कृष्णेचं पाणी आत आलं. बातम्यांमध्ये तो चमत्कार होता. पण हे गाव पहिल्यापासून लांबून आणण्यावर आणि लांब पाठवण्यावरच उभं होतं. फक्त पाणीही असंच आणावं लागेल, हे गोलाई आखणाऱ्याच्या मनात आलं नसेल.

त्या दिवसांत आई रात्री दोनला उठून टँकरसाठी घागरी लावायच्या. मुलगा पुण्यात होता. त्याला हे त्यांनी तेव्हा सांगितलं नव्हतं. आमच्यासमोर, चहा घेताना, पहिल्यांदा सांगितलं. तो कप हातात धरून तसाच बसून राहिला. आपलं गाव मला दाखवायला निघालेल्या माणसाला आपल्याच घरातली ही गोष्ट माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बसने माझ्या माहेरी निघालो. अहमदपूर, लोहा मागे पडलं आणि नांदेडात शिरताना पूल आला. गोदावरी भरून वाहत होती. "हे बघ," मी सवयीने म्हणाले, "आमची नदी."

तो खिडकीतून बराच वेळ बघत राहिला. माझ्या बाटलीत तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. स्टँडवर उतरल्यावर एरवी मी ते सांडून बाटली भरून घेतली असती. त्या दिवशी आधी ते पिऊन टाकलं.