कोचीतील गोमंतकीयांचा चरितार्थ

आमच्या देवांच्या स्थलांतराची हकीकत देवस्थानांच्या प्रत्येक महाजनाला तोंडपाठ असते. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. पालख्या कोणत्या वाटेने गेल्या, रात्री नदी कशी ओलांडली, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु त्याच काळात गाव सोडून गेलेल्या माणसांनी दुसऱ्या दिवशी काय खाल्ले, हा प्रश्न मात्र आम्ही फारसा विचारीत नाही. देवाच्या नैवेद्याची चिंता वाहणाऱ्या इतिहासाने भक्ताच्या चुलीकडे थोडे दुर्लक्षच केले आहे.

तिसवाडी १५१० मध्ये आणि बारदेश व साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले आणि १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडण्यात आली. ज्यांना जवळ राहावयाचे होते ते आदिलशाही मुलखात, अंत्रुज महालात गेले. बाकीचे गलबतांनी दक्षिणेकडे निघाले. त्यांपैकी काही कानडा किनाऱ्यावर राहिले, तर काही थेट कोचीपर्यंत, मल्याळी राजाच्या राज्यात जाऊन पोचले.

या लोकांचा मूळ आधार गावकारी हा होता. गावच्या जमिनीच्या उत्पन्नातील वाटा हीच त्यांची मिळकत. आणि जमीन गलबतात घालून नेता येत नाही. नेता येण्यासारखे जे होते ते हिशेब लिहिण्याचे कसब, चार भाषा बोलण्याची सवय, थोडे सोने, आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक बंदरात कोणी ना कोणी सोयरा. पुढच्या दोन शतकांचा चरितार्थ याच भांडवलावर चालला.

कोचीच का, याचेही कारण व्यवहारातच आहे. मलबारात मिरी विपुल, पण भात अपुरे. कानड्यात बसरूर, मंगळूर येथून तांदूळ बाहेर जाई. बसरुरास एक भाऊ आणि कोचीस दुसरा असला की तांदूळ खाली उतरवावा आणि मिरीचा व्यवहार जमवावा, असा धंदा उभा राहतो. शिवाय बंदरात होन, फनम, अश्रफी अशी नाना तऱ्हेची नाणी फिरत. ती पारखून बदलून देणारा सराफ, परक्या व्यापाऱ्याला माल मिळवून देणारा दलाल, कापडाचा दुकानदार, ही कामे कोंकणी लोकांकडे आली. दैवज्ञ सोनारांनी आपली हत्यारे बरोबर आणली होती. त्यांना गिऱ्हाईक शोधावे लागले नसेल असे वाटते.

येथे एक गोष्ट सांगावयास आम्हांस थोडा संकोच होतो, पण ती लपविण्यात अर्थ नाही. कोचीचा किल्ला त्या वेळी पोर्तुगिजांचाच होता. ज्यांच्या अमलातून ही मंडळी निसटली, त्यांच्याशीच ती किल्ल्याबाहेर व्यापार करू लागली. फरक इतकाच, की त्यांची घरे मट्टांचेरीत, म्हणजे राजाच्या हद्दीत होती. तेथे त्यांनी तिरुमल देवस्थान उभारले. जवळच राजवाडा, आणि त्याला लागून १५६८ मध्ये बांधलेले ज्यूंचे सभास्थान. घरदार गमावून आलेले दोन समाज एकाच बाजारात शेजारी शेजारी दुकाने मांडून बसले, हे दृश्य आमच्या मनातून जात नाही.

परमुलखात ओळख लागते, आणि पत लागते. ती देवळाने दिली. तंटे तेथेच मिटत, व्यापारातील भाग तेथे जमा होई. देवळाचा खजिना ही साऱ्या समाजाची पत होती. म्हणूनच १६६२ मध्ये डचांच्या वेढ्याच्या धामधुमीत पोर्तुगिजांनी देऊळ लुटले, तो घाव केवळ श्रद्धेवरच नव्हे तर पोटावरही बसला. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली. पुढे कोंकणी व्यापाऱ्यांना कंपनीचे संरक्षण मिळाले, कारण मिरी हवी तर हे दलाल हवेत, हे डचांनी ओळखले होते.

विद्येवरही चरितार्थ चालला. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यासाठी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी निघंटू उलगडून वनस्पतींची नावे व गुण सांगितले. त्यांचे २० एप्रिल १६७५ चे प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात कोंकणीत, नागरी लिपीत छापलेले आहे. कोंकणीला लिपी नाही असे म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनी ते पान एकदा अवश्य पाहावे. त्याच ग्रंथात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचेही प्रशस्तिपत्र आहे, हेही विसरू नये.

मात्र सराफ आणि वैद्य म्हणजे सारा समाज नव्हे. गोव्यातून कुणबीही आले होते. केरळात त्यांना कुडुंबी म्हणतात. त्यांच्याजवळ सोने नव्हते, हिशेबाची वही नव्हती. त्यांनी भात कांडून पोहे केले, खाऱ्या पाण्याच्या शेतात मजुरी केली, बोटींवर राबले. शिमगा मात्र त्यांनी सोडला नाही. कोडुंगल्लूरच्या भगवतीपुढे हळदीच्या पाण्याने ते तो आजही खेळतात. तिरुमल देवळाच्या वैभवाच्या कथांत या पोहे कांडणाऱ्या हातांना जागा मिळालेली नाही, आणि ही उणीव लिहिणाऱ्यांची आहे.

व्यापारावर उभे राहिलेले घर राजाच्या मर्जीवर टेकलेले असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस शक्तन तंपुरान राजा आणि कोंकणी व्यापारी यांच्यात वितुष्ट आले. १७९१ मध्ये त्यांच्या प्रमुखाचा वध झाला, मालमत्ता लुटली गेली, आणि देवाला पुन्हा एकदा पळावे लागले. या वेळी तो त्रावणकोरात, आलेप्पीस गेला. दिवाण केशवदासाने वसविलेल्या त्या नव्या बंदराला व्यापारी हवेच होते. बहुत कुटुंबे देवाच्या पाठोपाठ गेली आणि पुन्हा दुकाने मांडून बसली.

मूर्ती कोचीस परत आली ती १८५३ मध्ये. आलेप्पीतली दुकाने मात्र आलेप्पीतच राहिली.