शेअरबाजारातील दोन संप्रदाय

कंपनीचा भाग विकत घेणे म्हणजे त्या धंद्याच्या मालकीचा एक अंश घेणे होय. या अंशाची रास्त किंमत कोणती, या प्रश्नाला अमेरिकेत विसाव्या शतकात दोन निरनिराळी उत्तरे मिळाली. आज जे हाती आहे ते स्वस्तात घ्यावे, हे एक. उद्या जे वाढणार आहे ते आजच घ्यावे, हे दुसरे. पहिल्यास मूल्यवाद व दुसऱ्यास वृद्धिवाद म्हणता येईल.

मूल्यवाद हे आपत्तीचे अपत्य. सप्टेंबर १९२९ ते जुलै १९३२ या काळात न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक सुमारे ८९ टक्क्यांनी घसरला. कित्येक कंपन्यांचे भाग त्यांच्याजवळील रोकडीहूनही कमी भावाने विकले जात होते. ही होरपळ स्वतः सोसलेले बेंजामिन ग्रॅहम यांनी डेव्हिड डॉड यांच्यासह १९३४ मध्ये ‘सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस’ हा ग्रंथ लिहिला. मूल्य व भाव यांत इतके अंतर असावे की, अंदाज चुकला तरी मुद्दल बुडू नये, हे त्यांच्या शिकवणीचे सार.

१९३७ मध्ये बाल्टिमोर येथे स्वतःची पेढी काढणारे टॉमस रो प्राइस यांची दृष्टी वेगळी होती. माणसाप्रमाणे कंपनीलाही वाढ, प्रौढत्व आणि उतार या अवस्था असतात. म्हणून वाढीच्या वयातच तिचा भाग घ्यावा व धीराने जवळ ठेवावा, असे त्यांचे मत.

दोन्ही मतांची कसोटी पुढे लागली. १९७२ मध्ये पोलरॉइड या कॅमेरे बनविणाऱ्या कंपनीचा भाग तिच्या वार्षिक नफ्याच्या नव्वदपटीहून अधिक भावाने विकला जात होता. १९७४ पर्यंत त्यातील सुमारे नऊ-दशांश किंमत नाहीशी झाली. कॅमेरा उत्तम होता. भाव अवास्तव होता. उलटपक्षी, ग्रॅहम यांचे शिष्य वॉरन बफे यांनी केवळ स्वस्त म्हणून बर्कशायर हॅथवे ही कापडगिरणी १९६५ मध्ये ताब्यात घेतली. वीस वर्षांनी, १९८५ मध्ये, तिचे माग बंद करावे लागले. स्वस्ताई खरी होती. पण धंदाच खंगत चालला होता.

मग खरे कोणाचे? याचे उत्तर ग्रॅहम यांच्याच हिशेबवहीत सापडते. १९४८ मध्ये त्यांच्या संस्थेने गायको या मोटारविमा कंपनीचा निम्मा हिस्सा सुमारे सात लक्ष डॉलरना घेतला. खरेदीचा भाव त्यांच्या कसोटीस उतरणारा होता. पुढे कंपनी झपाट्याने वाढली, भाव त्या कसोटीच्या कितीतरी वर गेला, तरी त्यांनी हिस्सा सोडला नाही. या एका व्यवहाराचा लाभ इतर सर्व व्यवहारांच्या एकत्रित लाभाहून अधिक झाला, असे त्यांनीच नमूद केले आहे.

मूल्यवादाच्या आचार्यांना सर्वांत मोठे फळ दिले ते वृद्धीने. मात्र ती वृद्धी त्यांनी माफक किमतीस घेतली होती, हेही विसरून चालणार नाही. वृद्धी ही मूल्याची वैरीण नव्हे, मूल्याचाच एक घटक आहे. आपली कष्टाची शिल्लक बाजारात घालणाऱ्याने म्हणून दोन प्रश्न विचारावेत: हा धंदा टिकून वाढेल काय? आणि त्या वाढीची किंमत आपण आधीच तर मोजीत नाही ना? यांपैकी एकच प्रश्न विचारणाऱ्यास दुसऱ्याचे उत्तर बाजार देतो, आणि ते बहुधा महागात पडते.